अकरा मिनिटं

सनातू म्हणाली, अकरा मिनिटं.
बारावं मी कधी बघितलंच नाही.
चालू करायचा, नोंदी भरायला घ्यायच्या:
आई, बाप, गाव,
आणि बाळाच्या वजनावर बोट येतं न येतं तोच
फट्.
इशारा नाही, निरोप नाही.
पडदा काळा, आणि त्यात मी.

तमालेच्या बाजारामागे माझं दुकान,
दुकान म्हणजे दोन पत्रे आणि एक टेबल.
हरमत्तान सुटलेला. वाळवंटातून निघालेला हा वारा
रोज सकाळी आमच्या चहात उतरतो,
कुलपात, झोपलेल्याच्या भुवयांत.
इथे यंत्रं मरतात ती धुळीनंच.
मी म्हटलं, ठेवून जा.

आधी कान लावला.
पंखा फिरत होता, पण दमेकऱ्यासारखा,
चढावर थांबत थांबत.
जाळीशी हात धरला: वारा नावालाच.
तळाला तळवा टेकवला आणि लगेच काढला,
बायको तवा बघते तसा.

स्क्रू बारा हवेत, निघाले दहा.
डब्याच्या झाकणात मांडले, निघाले त्याच क्रमानं.
आत तांब्याच्या पात्यांना चिकटून
राखाडी गादी.
चिमट्यानं उचलली तर अख्खी उठली,
झोपलेल्या मांजराच्या पिल्लासारखी.
सायकलच्या पंपानं फुंकर मारली.
चिपवरचा लेप भेगाळलेला,
खरवडला, स्पिरिटनं पुसला,
तांदळाच्या दाण्याएवढा नवा लावला.
स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले.
एका कोपऱ्याचे लाड केले की दुसरा रुसतो.

तास चालला. दोन तास.
आकडा अठ्ठावन्नच्या वर जाईना.
मी पैसे घेतले, पूर्ण.

चौथ्या दिवशी ती दारात.
म्हणाली, तेरा.

म्हणजे माझ्या एका दुपारची कमाई
दोन मिनिटं.
पुन्हा लावला: गार, निमूट,
डॉक्टरसमोर बसलेल्या पोरासारखा शहाणा.
शेजारच्या सिमकार्डवाल्यानं हसू दाबलं.
मी गल्ला उघडला, नोटा मोजल्या,
आणि मग म्हटलं,
तू घरी बसतेस तशी बस बरं. इथेच.

तिनं पिशवीतून अंगरखा काढला.
फुगूचं कापड, हातमागाचं, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं,
दुहेरी अस्तर, कोपऱ्यांना चुण्या,
कळा आणि पडदा तेवढे उघडे.
बाबांनी शिवलाय, म्हणाली. धूळ जाऊ नये म्हणून.
तुला देताना काढला होता,
तुझ्याकडे मळला असता.

सत्तर. चौऱ्याऐंशी. शहाण्णव.
काळा.
बघ, ती म्हणाली, जवळजवळ अभिमानानं.

आता हे म्हाताऱ्याला सांगायचं कुणी?
मोटरसायकलवर मागे ती, मांडीवर रोगी.
अफा इसाहाकू मशीनवर वाकलेले, ओठात सुया.
मी घसा खाकरला.
अफा, हा तळातून श्वास घेतो.

त्यांनी सुया काढल्या, उशीत खोचल्या.
लॅपटॉप पालथा करून
अंगठ्यानं एकेक फट चाचपली.
बराच वेळ.
मग म्हणाले, म्हणजे मी त्याचं नाक शिवलं.

खडूनं खुणा केल्या.
बावीस काजं पाडली, प्रत्येकाची कड दोऱ्यानं बांधली.
आयुष्यभर काजं केली, म्हणाले,
बटण नसलेली ही पहिलीच.
मग अचानक मान वर:
वारा जाणार, मग धूळही जाणार?
जाणार, अफा. दर दोन महिन्यांनी माझ्याकडे पाठवा.
ते हसले. म्हणजे, वुम्पिनी,
माझ्या कापडाला भोकं, आणि तुझ्या खिशाला टाका.

सनातू तोवर ओट्यावर बसून नोंदी भरत होती.
चौदावं मिनिट कधी गेलं
कुणाच्याच लक्षात आलं नाही.
आई. बाप. गाव.
वजन: दोन किलो नऊशे.
नावाचा रकाना रिकामा.
ते अजून ठेवायचंय.